टाकीकाकांनी धरलेली जागा

टाकीकाका घोरायचे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. साधंसुधं घोरणं नव्हे, खिडकीच्या काचा थरथरायच्या. पण त्यांची बायको डाव्या कानाने ठार बहिरी. लग्न झाल्या झाल्या तिने ह्यांना पलंगाच्या डाव्या बाजूला ढकललं, चांगला कान उशीत खुपसला आणि संसार सुखाचा केला.

काका पाथरवट. सुतार कानावर पेन्सिल ठेवतो, तशी हे दगड कोरायची टाकी ठेवायचे. बायको सांगून थकली, शेवटी काकांचा तो कान जरा लोंबायलाच लागला. रंगाऱ्यांच्या गल्लीमागे काकांच्या छोट्याशा समाजाची जुनी दफनभूमी होती. फाटक उचलून धरल्याशिवाय उघडायचं नाही. आत जेमतेम दोनशे कबरी, आणि समाजाची एक खोड अशी की दगडावर गुणगान कोरायचं नाही. माणूस जन्मभर जे बोलत आला, तेच वाक्य कोरायचं. न्हाव्याच्या दगडावर 'मान हलवू नका'. पाव भाजणाऱ्या भटारणीच्या दगडावर 'गरम आहे, सांभाळून'. एका सासूबाईंच्या दगडावर नुसतं 'असू दे', आणि ते वाचून तिच्या सुना अजून दचकतात.

काकांची बायको गेली तेव्हा त्यांनी तिच्या दगडावर कोरलं, 'काय म्हणालात?' कोरताना रडले, मग हसले, मग परत रडले. जाताना ती एवढंच बजावून गेली होती: "माझ्या डावीकडची जागा धरून ठेवा. उजवीकडे आलात तर याद राखा."

धरून ठेवा म्हणणं सोपं. नियम होता, जो आधी जाईल त्याला जागा. आणि भिंतीच्या सावलीतल्या नेमक्या त्याच जागेवर अध्यक्षांचा डोळा. अध्यक्ष म्हणजे समाजाचे पुढारी, बुटांचे व्यापारी, 'दोनच शब्द बोलतो' म्हणून उभे राहिले की लोक चपला काढून मांडी घालायचे. त्यांना साधा खोकला झाला तरी, हे आधी गेले तर जागा गेली, म्हणून काका धावायचे. स्वतः जाऊन विचारपूस करायचे, काढा पाजायचे. अध्यक्षांना वाटायचं, काय माया आहे माणसाची!

शेवटी काकांनी शक्कल लढवली. स्वतःचाच दगड घडवला, त्यावर आपलं वाक्य कोरलं आणि वाचून एकटेच लाजले. मुलीने पाहिलं तर जन्मभर चिडवेल, म्हणून अक्षरांत चिखल भरला, वरून आंबट ताक चोपडलं आणि शेवाळ धरू दिलं. मग एका पहाटे दगड त्या जागेवर रोवून मोकळे झाले. कमिटीत कुणी विचारलंही नाही. ही कुणाची कबर ते दुसऱ्याला ठाऊक असणार, असं प्रत्येकाला वाटलं. कमिट्या अशाच चालतात.

पुढे वारसा खात्याच्या बाई आल्या. त्या वाक्यांवर बेहद्द खूश झाल्या. सगळी दफनभूमी वारसा म्हणून जपायची ठरली, आणि त्या शेवाळलेल्या दगडापुढे तर बाईंनी हातच जोडले. इतका झिजलेला, म्हणजे हाच सर्वांत जुना! त्याभोवती दोरी लागली, पाटी लागली: हात लावू नये, खणू नये.

काका आठवडाभर हवेत. सरकारने पहारा बसवला होता त्यांच्या जागेवर. मग जेवताना मुलीला सगळं सांगून बसले. ती हसली नाही. म्हणाली, "बाबा, खणायचं नाही, तर मग तुम्हाला तिथे ठेवणार कसं?"

काका जेवण तसंच टाकून उठले. त्यांनी त्याच दिवशी मुलीला घेऊन बाईंचं कार्यालय गाठलं आणि त्या दगडाखाली कुणीच नाही, तो माझाच आहे, असं परोपरीने सांगितलं. बाईंनी त्यांना प्रेमाने चहा पाजला. या वयात असं होतं, असं मुलीला हळूच सांगितलं.

वारशाचा समारंभ झाला त्या दिवशी अध्यक्ष दोन शब्द बोलायला उठले. बऱ्याच वेळाने त्यांना भरून आलं. ही सर्वांत जुनी कबर आपल्या खापरपणजोबांची आहे, असं त्यांनी जाहीर केलं, आणि आपल्यालाही त्यांच्याच पायाशी विसावू द्यावं म्हणून दगडाला मिठी मारली. पांढरा सदरा हिरवागार झाला.

आता मात्र काकांचं डोकं फिरलं. नळावरून बादली भरून आणली, दोरी ओलांडली आणि घासायचा ब्रश घेऊन दगडावर तुटून पडले. बाई किंचाळल्या, अध्यक्ष खापरपणजोबांच्या नावाने गळा काढू लागले. काका घासत राहिले. चिखल वाहून गेला, अक्षरं वर आली, कोरी करकरीत. बाईंनी आधी काकांच्या बायकोचा दगड वाचला: 'काय म्हणालात?' मग शेजारचा:

'आलो गं. सरक जरा.'

मग मुलगी रडता रडता हसायला लागली आणि तिच्यामागोमाग अख्खी दफनभूमी. बाईंनी नाक पुसलं आणि स्वतःच दोरी सोडली. इथलं वाक्य हाच वारसा असेल, तर हे वाक्य त्याच्या माणसालाच मिळायला हवं, असं त्या म्हणाल्या. जागा काकांच्या नावावर झाली.

अध्यक्ष हिरव्या सदऱ्यात अवघडून उभे होते. मग खाकरून म्हणाले, वहिनींच्या उजवीकडची तरी जागा मला द्या. काकांनी टाकी कानावर ठेवली आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"खरं सांगा अध्यक्ष, घोरता का?"

उत्तर अध्यक्षांच्या बायकोने दिलं, आणि जरा जास्तच सविस्तर दिलं. तेव्हा अध्यक्षांना फाटकाजवळची जागा ठरली, आणि उजवीकडे काकांनी त्याच संध्याकाळी जास्वंदीचं झाड लावलं. झाड घोरत नाही. रोज सकाळी ते त्याला पाणी घालतात, उरलेल्या पाण्याने आपला दगड पुसतात आणि बायकोच्या डाव्या बाजूला बसून मोठ्याने गप्पा मारतात, कारण हळू बोललेलं तिला त्या बाजूने ऐकू येत नाही.