अर्धा कप चहा

क्लेम पास्को म्हणजे कुणाची चूक पोटात न घालणारा माणूस, आणि स्वतःची तर नाहीच नाही. कडिना गावच्या शाळेत त्याने एकतीस वर्षं मुलांना सुतारकाम शिकवलं. निम्म्या गावाच्या घरात त्याच्या हाताखाली बनलेलं एखादं स्टूल आहे आणि उरलेल्या निम्म्या गावाला त्याने नापास केलंय. अठ्ठ्याहत्तरीत हातांना कंप सुटला, तेव्हा या गड्याने सगळ्यात आधी चारचौघांत चहा पिणं सोडलं. वर्षभर तो कुणाकडे गेला नाही. बशीत सांडलेला चहा आणि लोकांच्या डोळ्यांतली कीव, दोन्ही त्याला सोसवत नव्हतं.

शेवटी त्याची बायको मर्ना वैतागली. "दिवसभर माझ्या पायात पायात येतोस. मंगळवारी शेडमध्ये जा, नाहीतर मीच जाऊन तुझं नाव घालते!"

शेड म्हणजे धान्याच्या जुन्या गोदामातली म्हाताऱ्यांची कार्यशाळा. पोपटांसाठी लाकडी घरटी, बालवाडीची खेळणी, जे लागेल ते तिथे बनतं. नियम दोनच. परीक्षा दिल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही, भले तुम्ही केवढेही कारागीर असा. आणि दहा वाजले की सगळ्यांनी काम टाकून चहाला बसायचं.

परीक्षा घ्यायला उभा होता डॅरिल. आयुष्यभर घरं बांधून नुकताच मोकळा झालेला. नववीत असताना एका डुगडुगत्या स्टुलापायी क्लेमने ह्यालाच नापास केलं होतं.

"इथे सगळे एकमेकांना नावानेच हाका मारतात," डॅरिल म्हणाला, "पण माझ्या तोंडून सरच निघणार. या रेघेवरून कापा, सर."

बँडसॉची विजेची करवत सुरू झाली. फळी धरलेले हात थरथरू लागले. रेघ एकीकडे, पातं भलतीकडे. डॅरिलने बटण बंद केलं.

"नाही, सर. मशीनवर नाही."

क्लेमने तो वाकडा काप उजेडात धरून नीट पाहिला.

"बरोबर. मीही नापासच केलं असतं," तो म्हणाला आणि पॉलिशपेपर उचलून घरट्यांच्या कडा घासायला बसला. पन्नास वर्षांची कारागिरी अशी खाली ठेवायची, तीही आपल्याच विद्यार्थ्यासमोर! त्याला छाती लागते.

"हात थांबतच नाही ना? झकास!" कोपऱ्यातून नेव्ह ओरडला. मेंढ्यांची लोकर कापण्यात त्याचा जन्म गेला, जिभेवरची कात्री अजून चालू आहे. "चला, घासायच्या मशीनचं विजेचं बिल वाचलं!"

सगळ्यांत आधी क्लेमच हसला.

पण पावणेदहा झाले की 'घरी काम आहे' म्हणून तो सटकायचा आणि साडेदहाला परत यायचा. तिसऱ्या मंगळवारी डॅरिल भुसा टाकायला मागे गेला, तर सर कुंपणापलीकडे तापलेल्या गाडीत बसलेले, दोन्ही हात मांडीखाली दाबून. डॅरिल पाऊल न वाजवता मागे फिरला.

पुढच्या मंगळवारी भिंतीवर, सगळ्यांचे कप टांगलेल्या रांगेत, एक नवा खिळा होता. त्याला एक कप, वर क्लेमचं नाव.

"खिळ्यावरचा कप महिनाभर कोरडा राहिला तर नाव पुसतो आम्ही, सर. नियम आहे."

"कधी केला हा नियम?"

"आज सकाळी."

क्लेम नाइलाजाने बसला. पुढ्यात चहा आला तो अर्धाच कप. त्याचं तोंड उतरलं. कळलं म्हणजे सगळ्यांना! त्याने शेजारी पाहिलं. नेव्हचाही कप अर्धा. अकराच्या अकरा कप अर्धे.

"हे काय रे? उपास आहे का आज?" नेव्ह करवादला.

"दूध कमी आलंय," डॅरिल म्हणाला. दुधाची भरलेली बाटली त्याच्या कोपराशीच होती.

क्लेमने दोन्ही हातांनी कप उचलला. कप हलला, चहा हिंदकळला, पण अर्ध्या कपातून सांडणार किती? वर्षभराने तो माणसांत बसून चहा प्याला, शेवटच्या घोटापर्यंत.

"डॅरिल," तो म्हणाला, "खोटं बोलणं तुला नववीतही जमत नव्हतं." आणि रिकामा कप त्याने पुढे केला. "ओत अजून अर्धा."