गॅस वाढला!

आमच्या टाकीचे किस्से आता इतके साठलेत, की पाहुणे जेवायला बसले की आमटी-भाताला एक आणि ताकाला दोन सहज होतात. लोक हसून हसून बेजार होतात. मीही हसते. पण त्या हिवाळ्यात मला एकदाही हसू आलं नव्हतं. मी मुळातच घाबरट. त्यात बाहेर कोविड आणि मागच्या अंगणात प्रोपेनची टाकी! कुठल्या बाजूला तोंड करून घाबरायचं तेच कळायचं नाही.

* * *

टाकी आमच्या आयुष्यात आली मंदारमुळे. कोविडच्या पहिल्या वर्षी आम्ही नवराबायको अ‍ॅमस्टरडॅमला, झुइडासच्या फ्लॅटमध्ये, एकाच डायनिंग टेबलावर समोरासमोर बसून आपापल्या ऑफिसच्या मीटिंगा करत होतो. टेबलाखाली आमची लेक इरा. एक दिवस मंदार म्हणाला, "आता वर्क फ्रॉम होमच आहे, तर होम तरी मोठं घेऊ!" आणि आम्ही नायमेखनजवळच्या एका खेड्याबाहेर, शेतांच्या मधोमध, एक जुनं घर भाड्यानं घेतलं.

एजंटबाई गोड हसून म्हणाल्या, "इथपर्यंत गॅसची लाइन येत नाही. मागे तुमची स्वतःची टाकी आहे. यू विल बी सो इंडिपेंडंट!"

टाकी पांढरी, लांबट, म्हैस बसावी तशी ऐसपैस बसलेली. घर तापवायचं, अंघोळीचं पाणी, स्वयंपाक, सगळा भार तिच्यावर. पहिल्याच संध्याकाळी मी मंदारला विचारलं, "ही फुटली तर?"

त्यानं मला धीर दिला. "फुटली तर आपल्याला कळणारसुद्धा नाही!"

* * *

पहिला हिवाळा निभावला. दुसऱ्याच्या तोंडावर गॅसचे भाव असे काही सुटले, की विचारू नका.

आमच्यासारखाच टाकीवाला आणखी एक होता. अभिजित. मंदारचा कॉलेजातला ज्युनिअर, नायमेखनच्या युनिव्हर्सिटीत रिसर्च करणारा. गावात खोली मिळेना म्हणून एका हॉलिडे पार्कमधल्या लाकडी कॉटेजमध्ये राहत होता. त्याचा हिटर प्रोपेनच्या सिलिंडरवर चालायचा. आमच्या तिघांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं नाव त्यानंच ठेवलं, 'टाकीवाले'.

त्या ग्रुपवर गुड मॉर्निंग बंद झालं. सकाळी अभिजितचा मेसेज, "गॅस वाढला!" मंदारचं उत्तर, "आमचाही वाढला!" दुपारी परत, "अजून वाढला!" तिकडे गॅस वाढला की इकडे मंदार थर्मोस्टॅट खाली आणायचा. पुढेपुढे आम्ही 'हॅलो'च्या जागीसुद्धा "वाढला का?" असंच विचारायला लागलो. गमतीनं नाही हं.

* * *

सप्टेंबरात माई आल्या. माझ्या सासूबाई.

हे काही किश्शात सांगण्यासारखं नाही, पण सांगायला हवं. त्याच वर्षी पुण्यात दुसरी लाट आली आणि तीत माझे सासरे गेले. हॉस्पिटलात घरच्यांना आत सोडत नव्हते. माई घरी एकट्या होत्या आणि फोन वाजला. त्यांचे धाकटे दीर होते. एवढंच म्हणाले, "वहिनी, दादा संपला." आम्हाला जाता आलं नाही. मंदारनं वडिलांना शेवटचं पाहिलं ते मोबाइलच्या स्क्रीनवर. पुढे व्हिसाचं जमलं तसं त्यानं माईंना इकडे आणलं.

आल्या आल्या माईंनी टाकीला फेरी मारली आणि विचारलं, "दुसरी कुठाय?"

"दुसरी नसते, माई. एकच असते," मंदार म्हणाला.

"म्हणजे भरलेली शिल्लक नाही घरात?" त्यांचा चेहरा पडला. "मग नंबर तरी लावून ठेवलायस का?"

तेव्हापासून मंदार दिसला की "नंबर लावलास का?" त्याच्या मीटिंगा चालू असतानासुद्धा! त्याच्या डच मॅनेजरला त्यातला 'नंबर' तेवढा कळायचा आणि वाटायचं, बाई त्याच्या लसीच्या नंबराची काळजी करतायत.

* * *

माईंच्या घरी 'संपलं' म्हणायची पद्धत नाही. तांदूळ संपले की म्हणायचं 'तांदूळ वाढले'. मीठ वाढलं, कुंकू वाढलं. पुण्यात त्या हे सवयीनं म्हणायच्या. इथे आल्यावर मात्र फार कडक झाल्या. मी एकदा बोलून गेले, "डाळ संप..." तर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की पुढची अक्षरं मी गिळली.

इराला मराठी समजतं, पण ती बोलते इंग्लिशमध्ये. तिनं रिकामा डबा उघडून मला दाखवला. "मम्मा, आजी सेज द राइस हॅज ग्रोन. व्हेअर?"

मी आपलं समजावलं. तिला ते भलतंच पटलं. आठवड्याभरात शाळेतून बाईंचा फोन. काळजीचा सूर. "घरी सगळं ठीक आहे ना? इरा म्हणते, तिचा खोडरबर वाढून वाढून नाहीसा झाला!"

* * *

दसऱ्याला माईंनी टाकीची पूजा केली. घर जिच्यावर चालतं तिला दोन फुलं नकोत? हळदकुंकू, शेवंती, सगळं साग्रसंगीत. टाकीच्या झाकणावर कुंकवाचं चांगलं ठसठशीत बोट.

नेमका दुसऱ्या दिवशी गॅसचा ट्रक आला. ड्रायव्हर उंचापुरा, हातमोजे घातलेला. पाइप ओढत टाकीपाशी गेला, झाकण पाहिलं आणि दोन पावलं मागे सरला. म्हणाला, "लाल खूण आहे. कुणीतरी तपासून टाकी नापास केलीय. मी भरणार नाही."

थंडी तोंडावर आलेली आणि हा पाइप गुंडाळायला लागला. मंदार मीटिंगमध्ये. मी माझ्या मोडक्यातोडक्या डचमध्ये "देव, देव" करतेय आणि तो "नियम, नियम" करतोय.

माईंना भाषा कळली नाही, पण घोटाळा कळला. आतून कुंकवाचा करंडा आणला, इराला पुढे ओढलं आणि समजावं म्हणून तिच्या कपाळावर तस्संच लाल बोट टेकवलं.

ड्रायव्हरनं इराकडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं, आणि गंभीरपणे विचारलं, "हीसुद्धा नापास?"

मग मात्र तो हसला आणि पाइप जोडला. भाव बघून आम्ही अर्धीच भरून घेतली. ट्रक गेल्यावर माई म्हणाल्या, "अर्धी कशाला रे? माणसानं भरून ठेवावं." मंदार म्हणाला, "पुढे भाव उतरेल, माई." पुढे काही उतरला नाही.

* * *

डिसेंबरात परत लॉकडाउन. अभिजितचा फोन आला, आवाज बसलेला. "वहिनी, मला कॉफीचा वास येत नाहीये."

"अरे देवा, कोविड!"

"कोविड झालाच आहे, टेस्ट केली. त्याचं नाही मला काही. सिलिंडर आत्ताच बदललाय. तो गळत असला, तर वास न येता मला कळणार कसं?"

हे मला सुचलंच नव्हतं. मी तशीच मंदारला गाडी काढायला लावली. पंधरा मिनिटांत आम्ही त्याच्या कॉटेजसमोर. मंदारचं नाक सर्दीनं चोंदलेलं, म्हणून वास घ्यायची कामगिरी माझ्यावर. मी खिडकीच्या फटीपाशी जाऊन जोरात श्वास ओढला.

"काय येतोय?" मंदार.

"कापूर!"

निघताना माईंनी माझ्या मास्कमध्ये कापूर-लवंगेची पुरचुंडी खोचली होती, रोग लागू नये म्हणून. मला सगळ्या हॉलिडे पार्काला कापराचाच वास!

"अगं, मास्क काढ!" मंदार ओरडला.

मी मास्क खाली केला आणि तो वास आला. कुजक्या कोबीचा. गॅसचा. भरपूर.

"अभिजित, बाहेर ये! आत्ताच्या आत्ता!"

आतून खोल गेलेला आवाज, "कसा येऊ? मी क्वारंटाइनमध्ये आहे!"

"अरे गाढवा, नियम पाळायला उरशील का!" मंदारनं भिंतीबाहेर ठेवलेल्या सिलिंडरचा कॉक बंद केला. अभिजित दारं-खिडक्या सताड उघडून बाहेर आला. आम्ही त्याला परत तो सिलिंडर लावू दिला नाही. आमच्याकडे एकुलता एक इलेक्ट्रिक हिटर होता, तो आणून त्याच्या दारात ठेवला आणि परत आलो.

* * *

टाकीवर एक काटा होता, आत किती शिल्लक आहे ते दाखवणारा. मंदार रोज सकाळी ओव्हरकोट घालून तो बघून यायचा आणि तोंड पाडून परत यायचा.

मग एका सकाळी नाचतच आला. "काटा हललाच नाही!" दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. थर्मोस्टॅट उतरवला होता, माईंनी सगळ्यांना माकडटोप्या घातल्या होत्या, अंघोळी बादलीतल्या. आम्हाला वाटलं, आलं फळ! मंदार माकडटोपी घालूनच ऑफिसच्या व्हिडिओ कॉलवर बसायला लागला. मॅनेजरनं विचारलं, "आजारी आहेस का?" हा म्हणाला, "नाही, काटकसर करतोय." तर अख्ख्या डच टीमनं टाळ्या वाजवल्या! इतकी वर्षं नोकरी केली, असं कौतुक त्याच्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

शेजारचे विम आजोबा कुंपणापलीकडून म्हणाले, "कोम्त खूत!" म्हणजे, होईल सगळं नीट. विम आजोबांची गाय मेली तरी ते हेच म्हणतात.

काटा थंडीनं अडकला होता, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

* * *

आता शेवटचा. हा पाहुण्यांना मी सांगत नाही, मंदारच सांगतो. आणि सांगताना एका जागी थांबतो.

जानेवारीतली दुपार. बाहेर कडक गोठलेलं, गवत पायाखाली मोडत होतं. आम्ही दोघं बूस्टर घ्यायला नायमेखनला गेलो होतो. शाळा बंद, म्हणून इरा माईंजवळ. रांगेत उभे असताना माईंचा फोन आला. मंदारनं स्पीकरवर घेतला.

"मंदार, गॅस वाढला रे."

"हो माई, माहितीये मला. सकाळीच वाचलं. सगळीकडेच वाढलाय."

"सगळीकडे?" माईंना नवल वाटलेलं. "मग आता?"

"आता काय करणार! स्वेटर घालून बसा. मी बघतो काय ते."

"बरं. तू बघतोयस ना, मग झालं," असं म्हणून त्यांनी ठेवला.

रांग लांबली. मग सुई, मग तिथलं सक्तीचं बसणं, मग रस्त्यावर बर्फाचा पातळ थर, गाडी बैलगाडीच्या वेगानं. तीन तास सहज गेले असतील. घराजवळ आलो आणि मी बघितलं, धुराड्यातून नेहमीची पांढरी वाफ येत नव्हती.

दार आतून लावलेलं. किल्ली आतल्या बाजूला. बेल वाजवली, कुणी येईना. खिडकीला आतून बाष्प नाही, काही नाही. माझ्या डोक्यात अभिजितचं कॉटेज, तो कुजका वास. मी दाराच्या फटीला नाक लावलं. कसलाच वास नाही. त्यानं तर मी आणखीच घाबरले.

"माई!" मंदारनं हाक मारली. मग दोन्ही हातांनी दार बडवायला लागला. "माई! माई!" त्याचा तसला आवाज मी आधी एकदाच ऐकला होता, त्या मोबाइलच्या स्क्रीनपुढे.

दार उघडलं ते इरानं. अंगावर माझी पश्मिना, मंदारचं जाकीट, दोन माकडटोप्या, आणि वरून पलंगावरची गोधडी फरफटत. गोधडीतली ऊब अजून तिच्या गालांवर होती. म्हणाली, "श्श! आजी इज कोल्ड."

माई स्वयंपाकघरात खुर्चीवर बसल्या होत्या. अंगावर नुसती साडी आणि एक पातळ स्वेटर. बाकी होतं नव्हतं ते सगळं नातीला घातलेलं. ओठ निळे पडले होते. शेगडीवर चहाचं पातेलं, त्यात पाणी तसंच. मंदारनं बटण फिरवलं. नुसतं टिकटिक.

तो खाली बसून त्यांचे हात चोळायला लागला. बर्फासारखे हात. चोळता चोळता रडायला लागला आणि रडता रडता ओरडायला लागला. "अगं माई, सरळ सांगायचं ना फोनवर! गॅस संपला, एवढं म्हणायला काय होत होतं? संपला म्हणायचं!"

माईंनी तो गार हात सोडवून घेतला आणि त्याच्या तोंडावर ठेवला.

"फोनवर तो शब्द मी एकदा ऐकलाय, बाळा," त्या म्हणाल्या. "तुला कसा ऐकवू?"