उंच माणसाची सीट आणि सोजरबाई

भोसरीत माणूस एक वेळ डबा घरी विसरेल, पण व्हर्नियर विसरणार नाही. आमच्या एमआयडीसीत चहाच्या ग्लासाची जाडी मोजून "मागच्या महिन्यापेक्षा कमी झाली" अशी तक्रार करणारे लोक मी पाहिलेत. मी वेल्डिंगवाला. अंदाजानं काम करतो म्हणून ही मंडळी मला जरा खालच्या पंगतीत बसवतात. बसवू देत. या मोजमापवाल्यांच्या गावात एक दुकान असं आहे, की जिथं सतरा वर्षांत एकही माप कागदावर लिहिलं गेलेलं नाही, आणि तरीही तिथून उठून गेलेला माणूस चाकणपर्यंत सुखानं बसून जातो. माझं शेड त्या दुकानाच्या भिंतीला भिंत लावून आहे, म्हणून हे मी सांगतोय.

दुकान मोटरसायकलच्या सीटचं. नाव 'ज्योतीराम सीट मेकर'. ज्योतीराम करमाळ्याकडचा. बोलण्यात असा पटाईत की गिऱ्हाईक सीट करायला यायचं आणि जाताना मुलीच्या लग्नाची पत्रिका देऊन जायचं. गाडीवर बसवायचा, मागं व्हा, पुढं व्हा म्हणायचा, मान हलवायचा आणि म्हणायचा, "आलं ध्यानात. उद्या घेऊन जावा." दुकानाच्या मागच्या अंगाला रेक्झीनचा पडदा होता. त्या पडद्यामागं शिलाई मशीन, फोमचे ठोकळे आणि त्याची बायको सोजरबाई.

ध्यानात यायचं ते तिच्या. पडद्याच्या फटीतून ती बघायची: मांडी केवढी लांब, पोट किती पुढं, कोण एकाच अंगावर भार टाकून बसतो. मग जुनं कव्हर उसवायचं, फोम चिकटवायचा, पात्यानं कापायचा, घासून आकार द्यायचा, रेक्झीन शिवून ताणून बसवायचं, सगळं तीच करायची. सीट तयार झाली की ज्योतीराम ती बाहेर आणून दोनदा थोपटायचा. "हाताची कमाल हाय!" म्हणायचा. कुणाच्या हाताची, ते म्हणायचा नाही. बाईनं शिवलेल्या सीटवर गडी माणूस कसा बसंल, असं त्याचं प्रामाणिक मत होतं. तोच गडी माणूस बाईनं थापलेल्या भाकरीवर आणि बाईनं शिवलेल्या गोधडीवर जगतो, पण तो घरातला मामला.

आणि मी? मी चौदा वर्षं शेजारी होतो. ज्योतीराम रस्त्यावर माझ्यासोबत चहा पीत असायचा, तेव्हाही आतून मशीनचा आवाज यायचा. मला वाटायचं, वहिनी घरचं काही शिवत असतील. चौदा वर्षं घरचं शिवत असतील! एवढी अक्कल घेऊन मी लोखंड जोडतो.

तीन वर्षांपूर्वी ज्योतीराम हार्ट अटॅकनं गेला. सगळे हळहळले, की कला गेली. मीही हळहळलो. चौदाव्या दिवशी शटर वर झालं आणि मशीन सुरू झालं, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. वहिनींना विचारलं, तर म्हणाल्या, "तुमाला म्हाईत नव्हतं व्हय? मला वाटलं, ह्यांनी सांगितलं आसंल." त्यानं सांगितलं नव्हतं. तरी त्यांनी त्याला नाव ठेवलं नाही. फक्त एकदा, खाली बसून जुन्या सीटच्या पिना उपटता उपटता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बबनभावजी, पैका मिळतो, पोट भरतंय. पर एकदा तरी कुणी गिऱ्हाइकानं म्हणावं वो, का सोजरनं शिवलंया. एकदा." एवढीच त्यांची मागणी होती.

पण गिऱ्हाईक यायचं आणि विचारायचं, "भाऊ कुठंयत?" वहिनी म्हणायच्या, "नाहीत." गिऱ्हाईक समजायचं, बाहेर गेलेत. गाडी ठेवायचं, दुसऱ्या दिवशी सीट घेऊन जायचं आणि "भाऊंना सांगा, मस्त झाली" असा निरोप ठेवायचं. तीन वर्षांत असे कितीतरी निरोप जमले. ते पोचवायचे कुठं, हा प्रश्न कुणाला पडला नाही.

अशात गणराज आला. मोशीच्या नव्या सोसायटीत अकराव्या मजल्यावर राहणारा, चाकणच्या कुठल्याशा कंपनीत क्वालिटी इंजिनिअर, आणि उंची सहा फूट चार इंच. दुकानात शिरताना त्यानं शटरला कपाळ टेकवलं, म्हणजे आपटलं. मोटरसायकलवाल्यांच्या एका ग्रुपचा तो प्रमुख होता. ग्रुपचं नाव इंग्रजी, बोधचिन्हात गरुड. दर रविवारी पहाटे पन्नास जण आवाज करत कुठंतरी मिसळ खायला जातात आणि त्याला 'राइड' म्हणतात. रोज मोशी ते चाकण त्या ट्रॅफिकमध्ये घडी घालून बसायचं, त्यामुळं गुडघे ठणकत होते. डॉक्टरनं सांगितलं होतं, सीट तरी बदला, नाहीतर गाडी.

वहिनी म्हणाल्या, "बसा गाडीवर. बूट, जाकीट घालून बसा. भावजी हँडल धरतील."

गणराज गाडीवर बसला नाही. लाजला. एवढा सहा फूट चार इंचांचा गडी, पण परक्या बाईनं मांडीचं माप बघायचं म्हटल्यावर कानापर्यंत लाल झाला. "नको नको ताई, मी सगळं घेऊन आलोय," म्हणत त्यानं बॅगेतून प्लास्टिकच्या फोल्डरमधला कागद काढला.

काय तो कागद! कॉम्प्युटरवर काढलेलं सीटचं ड्रॉइंग. तीन बाजूंनी. सीट साडेबासष्ट मिलिमीटर उंच करायची, अर्धा मिलिमीटर इकडं किंवा तिकडं चालेल. खाली चौकटीत 'काढणारा', 'तपासणारा' आणि 'मंजूर करणारा' अशा तीन जागा. तिन्हीकडे याचीच सही. फोमचं ड्रॉइंग अर्ध्या मिलिमीटरपर्यंत काढणारा माणूस या पृथ्वीवर दुसरीकडे कुठं जन्मत असेल असं मला वाटत नाही. बरं, मापं घेतली कशी? गाडी डबल स्टँडवर उभी करून, जमिनीपासून, कंपनीतून आणलेल्या गेजनं. गाडीवर कुणीच न बसता.

वहिनींनी कागद उलटसुलट पाहिला. "पर ह्याच्यात तुमी कुठं हायत?"

"ताई, ड्रॉइंग परफेक्ट आहे. भाऊंना फक्त दाखवा. त्यांना कळेल."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. बोलायला हवं होतं, पण आपण कशाला मध्ये पडा, ही माझी जुनी खोड. वहिनी एवढंच म्हणाल्या, "कागदापरमानं पायजे, तर कागदापरमानं हुईल."

झालीही. मी पट्टी लावून पाहिलं, बरोबर साडेबासष्ट. गणराजनं व्हर्नियर लावून पाहिलं आणि समाधानानं मान डोलावली. "भाऊंचं काम म्हणजे काम," म्हणाला.

चौथ्या दिवशी तो कमरेवर हात ठेवून परत आला. गुडघे जरा सुटले होते, पण सीट वर गेली आणि हँडल जागेवरच राहिलं. त्यामुळं साहेब रस्ताभर वाकून, हँडलवर लोंबकळत गेले होते. ब्रेक लावला की घसरून टाकीवर. गुडघ्याचं दुखणं कंबर, मनगट आणि मानेत वाटलं गेलं होतं. माप चुकलं नव्हतं हं. माप अगदी बरोबर होतं.

"भाऊंना बोलवा," तो तडकला. "त्यांनी ड्रॉइंग नीट वाचलं नाही."

वहिनींनी मशीन थांबवलं, उठल्या, गाडी स्वतः स्टँडवरून खाली घेतली आणि म्हणाल्या, "बसा."

तो आवाज मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. गणराजनंही नसावा, कारण तो बसला. मी हँडल धरलं. वहिनींनी त्याच्याखाली फोमचे तुकडे सरकवायला सुरुवात केली. एक घातला, एक काढला. मागं सरकवलं. पुन्हा एक घातला. गणराज बोलत होता: पाठीचा कणा, कोन, अंश, कुठल्यातरी परदेशी सीटचं नाव. वहिनी ऐकत नव्हत्या. त्या त्याच्या खांद्यांकडे बघत होत्या. सीट मागं जिथं उंच होते ती पायरी हातानं दाबून त्यांनी त्याला अजून दोन बोटं मागं घेतलं, तसा तो वाक्याच्या मधेच थांबला. खांदे खाली आले. कोपर सैल पडलं.

"हां," वहिनी म्हणाल्या, "मानूस नीट बसला का बोलायचं थांबतोय. उतरा आता."

गणराज गाडी ठेवून गेला, मग मला समजावलं, कारण त्याला समजावण्यात अर्थ नव्हता. "ह्येला उंची नकोच हुती तेवढी. उंची त्याच्यात देवानं घातलीया. ह्येला जागा पायजे हुती, मागं. समद्या गाड्या मधल्या मापाच्या मानसासाठी करत्यात, त्यात हा निसता दुमडून बसतोय." साडेबासष्टातला निम्म्याहून जास्त फोम त्यांनी कापून टाकला, मागची पायरी तासून मागं नेली, पुढं थोडा चढ ठेवला, की घसरायला नको. त्या तासताना मी बघत उभा होतो. हात भरभर चालत होते, आणि खोटं कशाला सांगू, मला ज्योतीरामचा पहिल्यांदा राग आला. मेलेल्या मित्राचा राग करू नये म्हणतात. मी केला.

पुढच्या रविवारी गणराज भीमाशंकरला जाऊन आला. तिथून त्यानं व्हिडिओ टाकला. माझ्या पुतण्यानं मला पाठवला, मी वहिनींना दाखवला. डोंगर, धुकं, आणि ताठ बसलेला गणराज. "मित्रांनो, शंभर किलोमीटर, आणि काहीही दुखत नाहीये! भोसरीचे ज्योतीराम भाऊ! असा कारागीर होणे नाही. त्यांच्या मिसेसनी माप घेतलं, आणि भाऊंनी काय सीट बनवलीय! भाऊ, तुमच्या हातांना सलाम!"

वहिनींनी तो दोनदा पाहिला. फोन मला परत दिला. "हातांना," म्हणाल्या, आणि स्वतःचे हात पदराला पुसले. ते ओले नव्हते.

त्याच्या पुढच्या रविवारी नऊ मोटरसायकली आमच्या गल्लीत शिरल्या. नऊ जण उतरले, प्रत्येकाच्या हेल्मेटवर कॅमेरा. गणराजच्या हातात शाल, नारळ आणि काचेचं स्मृतिचिन्ह, त्यावर सोनेरी अक्षरांत 'श्री. ज्योतीराम भाऊ यांस सस्नेह'. सत्कार करायला आले होते. आपल्याकडे माणसाचं काम आवडलं की त्याला अजून काम देण्याऐवजी लोकरीची शाल देतात, तीही एप्रिलात.

"ताई, आज तरी भाऊंना बोलवा," गणराज हसत म्हणाला.

वहिनी उभ्या राहिल्या. "ते तीन वर्सांमागं वारले."

गल्लीत नऊ इंजिनं चालू होती, ती एकेक करून बंद झाली. गणराज म्हणाला, "अहो पण... मग माझी सीट?"

"म्या शिवली. तुमची बी, आन त्याच्या आधीच्या सतरा वर्सांतल्या समद्या बी. ते बोलायचे. मी शिवायची."

या वेळी मी तोंड उघडलं. "खरं आहे. मी शेजारी आहे," म्हणालो. सतरा वर्षांत एवढंच बोललो, आणि तेही कुणी विचारलं नसताना, म्हणून स्वतःवर खूश झालो. माझी लायकी तेवढीच.

आता पंचाईत झाली. नऊ गडी, त्यांत बाई एक नाही. बाईच्या खांद्यावर शाल कुणी घालायची? एकानं दुसऱ्याकडे पाहिलं, दुसऱ्यानं गणराजकडे. कुणीतरी हळूच म्हणालं, "त्यांना साडी वगैरे द्यायला पाहिजे होती, लेडीज आणायला पाहिजे होत्या." दुसरा कुजबुजला, "आणि विधवा आहेत रे, नारळ चालतो का?" घाटात एकशेवीसनं गाडी हाकणारे हे वाघ, दीड मीटर कापड पुढं करायला घाबरले. शेवटी एका हुशार माणसाची नजर पडद्याच्या फटीतून आतल्या भिंतीवर गेली. तिथं ज्योतीरामचा हार घातलेला फोटो होता.

"फोटोला घालूया," तो म्हणाला.

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. गणराजला तर स्टूलसुद्धा लागलं नाही. त्यानं पडदा सारला, हात वर करून फोटोच्या चौकटीवर शाल पांघरली, नारळ फोटोखाली फळीवर ठेवला, शेजारी स्मृतिचिन्ह. नऊ जणांनी टाळ्या वाजवल्या. लाज वाटते सांगायला, मीही वाजवल्या. हात आपोआप जुळले.

वहिनी टाळ्या संपेपर्यंत थांबल्या. मग स्टूल ओढलं, चढल्या, आणि फोटोवरून शाल काढली. ज्योतीरामच्या काचेवरची धूळ तिच्याच टोकानं पुसली, मायेनं पुसली, ते मी पाहिलं. खाली उतरल्या, शाल झटकली आणि स्वतःच स्वतःच्या खांद्यांवर घेतली. दोन्ही टोकं नीट पुढं ओढली.

"ही माजी हाय," म्हणाल्या.

या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत. वहिनींनी गाड्यांच्या रांगेकडे बोट केलं. "सीट कुनाची करायची हाय? बसा येऊन."

पाच जण निघून गेले. चार जण एकेक करून येऊन बसले, आणि त्यांत पहिला गणराज, त्याच्या दुसऱ्या गाडीसाठी. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हानं कढत होतं, फोम तासताना वहिनींच्या हनुवटीवरून घाम गळत होता. मी दोनदा म्हणालो, वहिनी, ती शाल तरी काढून ठेवा. शटर खाली ओढेपर्यंत त्यांनी ती काढली नाही.