बागेतलं बोर

शाळेच्या पुस्तकात रेडवूडचं चित्र आलं आणि आमच्या सहा वर्षांच्या कन्येने हट्टच धरला, एवढं मोठं झाड बघायचंच. आणि कुठे, तर कुवेतमध्ये! नव्वदच्या दशकातल्या आमच्या मंगफच्या फ्लॅटमधून दिसायची ती समोरच्या बिल्डिंगला लटकलेली एसीची डबडी.

त्याच सुमारास माझी आई कोकणातून व्हिजिट व्हिसावर आली होती. नात सगळं इंग्रजीत बोलणार आणि आजीला इंग्रजीचा गंध नाही. पंधरवडा झाला तरी दोघींची गाडी "हाय आजी"च्या पुढे सरकेना. शेवटी आईने सांगून टाकलं, "माझं तिकीट लवकरचं कर रे. नातीशी दोन शब्द बोलता येत नाहीत, तर इथे बसून काय करू?" मला ते फार लागलं. ती राहायला हवी होती मला.

एका शुक्रवारी दोघींना गाडीत घातलं आणि मिरकाबजवळच्या एका बागेत नेलं. तिथे बऱ्यापैकी उंच निलगिरी होत्या. मी ठोकून दिलं, "हेच रेडवूड."

कन्येने खोडाला हात लावून पाहिला. "इट्स नॉट रेड, पापा." मास्तरीणच ती!

तेवढ्यात मागून आई ओरडली, "अगो बाय, बोर! बोर!"

कन्येचा चेहरा पडला. "पापा, आजी इज बोर्ड. लेट्स गो होम."

मी वळून बघतो तर आई एका काटेरी झाडाखाली वाकलेली आणि जमिनीवर पिकल्या बोरांचा सडा. मी पोट धरधरून हसलो. मग दोघींना एकमेकींचं 'बोर' समजावून सांगितलं. आईही हसली, कुवेतला आल्यापासून पहिल्यांदाच. एक बोर पदराला पुसून तिने नातीच्या तोंडात घातलं.

त्या दिवसापासून कंटाळा आला की पोरगी आजीपुढे हजर. "आजी, बोर!" मग डब्यातलं एक बोर मिळायचं आणि वर गावची एखादी गोष्ट. डबा रिकामा झाला की शुक्रवारी पुन्हा बाग. लवकरच्या तिकिटाचं नाव आईने परत काढलं नाही. शेवटी व्हिसाच संपला.

एअरपोर्टवर कन्येने आजीचा पदर धरला. "आजी, बोर."

आईने सवयीने पर्समध्ये हात घातला. बोरांचा हंगाम केव्हाच सरला होता. "संपली गो बाय."

"ते नाही गं आजी," पोरगी चक्क मराठीत म्हणाली, "दुसरं."