दगडानंतरची गोष्ट

गाडी दादांची होती, म्हणून विषयही दादांचाच असायचा. ट्रुगानिना या आमच्या उपनगरातून सकाळी निघालो की बातम्या लागायच्या, आणि शहराच्या तोंडाशी असलेल्या पुलाशी पोचेपर्यंत त्यावर दादांचं मत तयार असायचं. दादा माझे सख्खे कोणी नव्हेत. मूळचे पुण्याचे, आयटीत मोठ्या हुद्द्यावर, आमच्याच वसाहतीत दोन रस्ते पलीकडे राहणारे. त्यांच्या शेजारच्या सीटवर वहिनी, बँकेत नोकरीला. मागे मी आणि नागपूरचा एकजण, जो इथे युनिव्हर्सिटीत शिकायला आला आणि पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, घेऊन राहिला. मी अन्नाचे नमुने तपासणाऱ्या लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजिस्ट आहे. आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट. हे मी कुणी न विचारता सांगते आणि यापुढेही सांगणार.

आमच्या घरी एकच गाडी, ती नवऱ्याच्या शिफ्टला जायची. स्टेशनवर पार्किंग मिळायचं नाही. शिवाय शाळा सुटल्यावर माझी मुलगी संध्याकाळपर्यंत दादांच्या आईजवळ असायची. म्हणजे त्या मागच्या सीटवर माझं बरंच काही टेकलेलं होतं.

त्या हिवाळ्यात अमेरिकेत एक काळा माणूस पोलिसांच्या हातून मेला होता आणि तिथली शहरं पेटली होती. आमच्या गाडीतही रोज तेच.

"दुकानं फोडून न्याय मिळतो का?" दादा म्हणाले. "टीव्ही उचलून पळतायत, टीव्ही! याला आंदोलन म्हणायचं?"

"दादा, माणूस मेला त्यावर तुम्ही एक वाक्य बोललात," नागपूरकर म्हणाला. "टीव्हीवर मात्र फ्रीवे लागल्यापासून बोलताय."

"अरे, मेला ते वाईटच. मी कुठे नाही म्हणतोय? पण एका पोलिसामुळे सगळे पोलीस वाईट?"

"दर वेळी एकच असतो ना. आणि दर वेळी वेगळा असतो."

"मला एकदा ट्रेनमध्ये एका बाईनं गो होम म्हटलं होतं," वहिनी म्हणाल्या. "मी काय डबा पेटवला? घरीच तर चालले होते."

सगळे हसले, मीही हसले. नागपूरकर मात्र चिकाटीचा. "आणि इथल्या मूळ लोकांचं काय? कोठडीत तेही मरतातच की."

"त्यांचा मान राखतो ना आपण! आमच्या प्रत्येक मीटिंगच्या सुरुवातीला ही जमीन मूळ त्यांची हे मीच म्हणतो, पाठ आहे मला." दादांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. "आणि आपल्याकडे तर तज्ज्ञ बसलीय मागे. काय गं पोलिसाची पोरगी, सांग याला."

मी पोलीस लाईनीत वाढले. पप्पा हवालदार म्हणून रिटायर झाले. पूर्वी कधीतरी दादांना स्पीडिंगचा दंड झाला आणि गाडीत पोलिसांच्या नावाने शिव्याशाप सुरू झाले, तेव्हा पप्पांची बाजू घ्यायला मी दगडाची गोष्ट सांगितली होती. आमच्या जिल्ह्याच्या गावी एका पुतळ्याची विटंबना झाली. रस्ता रोको झाला, बसच्या काचा फुटल्या. पप्पा बंदोबस्ताला होते. वेताची ढाल एक आणि माणसं दोन, ढाल त्यांनी शेजारच्या नव्या पोराच्या डोक्यावर धरली आणि दगड स्वतःच्या भुवईवर घेतला. रक्ताने एक डोळा बंद झाला तरी जागेवरून हलले नाहीत. ही गोष्ट खरी आहे. भुवईवरची खूण आजही आहे, आणि मला तिचा अभिमान आहे. वहिनींच्या डोळ्यांत तेव्हा पाणी आलं होतं.

तेव्हापासून ती गोष्ट माझी राहिली नाही, गाडीची झाली. अमेरिकेत कुठेही दगड उडाला की दादा म्हणायचे, "हिच्या वडिलांना विचारा!" नागपूरकर गप्प व्हायचा. एका हवालदाराच्या रक्ताळलेल्या भुवईपुढे कुणी काय बोलणार? माझ्या पप्पांचा दगड रोज सकाळी त्या मेलेल्या माणसावर पडायचा आणि मी पट्टा लावून बघत बसायचे.

कारण त्या गोष्टीला पुढचा भाग आहे. दगड ज्या वस्तीतून आला, तिथे माझी मावशी राहायची. पप्पाही त्याच वस्तीतले. आम्ही बौद्ध. वस्तीतून सरकारी नोकरीत गेलेले पप्पा पहिले, म्हणून तर पोलीस लाईन, म्हणून शाळा, म्हणून मी. दगडफेकीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पोलिसांनी वस्तीत कोंबिंग केलं. म्हणजे घराघरात शिरून माणसं ओढून काढली. साहेबांनी टाके पडलेल्या पप्पांना दवाखान्यातून बोलावून पुढे घातलं. गल्ल्या तुला माहीत आहेत, तू चल. पप्पा चालले. दारं लाथेने उघडली गेली, भांडी, टीव्ही, माणसं, सगळ्यांवर काठ्या पडल्या. मावशी दारात आडवा हात लावून उभी राहिली, कारण आत तिचा दीर तापाने पडला होता. तिच्या मनगटावर काठी बसली. मारणारे पप्पा नव्हते. पप्पा दोन हातांच्या अंतरावर उभे होते.

मावशीचं मनगट वाकडंच जुळलं. तिने पप्पांशी बोलणं मात्र तोडलं नाही. जयंतीला ती आमच्या क्वार्टरवर यायची, आणि एरवी स्वयंपाकघरात पाऊल न टाकणारे पप्पा तिचा चहा स्वतः करायचे. कप ती डाव्या हाताने घ्यायची. त्या दुपारबद्दल आमच्या घरात कुणी कधी बोललं नाही. मी कॉलेजात गेल्यावर एकदा भाकरी थापता थापता मावशीनेच सांगितलं. "दाजी काय करणार होते? नोकरी होती," एवढंच म्हणाली आणि तव्याकडे वळली.

हे गाडीत कसं सांगायचं? आमच्या आडनावावरून काही कळत नाही. कळत नाही म्हणून कुणी विचारत नाही, आणि कुणी विचारत नाही म्हणून सगळे एकमेकांना सांगतात की इथे आल्यावर जात वगैरे काही राहत नाही.

मग दादांनी इथल्या मराठी मंडळाचा परिसंवाद ठरवला. 'आंदोलनातली हिंसा: अमेरिका आणि आपण.' ते कमिटीत होते. मला न विचारता त्यांनी माझं नाव घातलं. पोस्टर आधी फोनवर आलं, त्यावर माझा दिवाळीतला फोटो आणि खाली ठळक अक्षरात 'एका पोलीसकन्येचे मनोगत.'

"अहो, विचारायचं तरी," मी म्हणाले.

"काय विचारायचं त्यात? रोज सांगतेस ते माइकवर सांग. नो वरीज!"

मी नाही म्हणायच्या आत नवऱ्याने कौतुकाने पोस्टर माझ्या माहेरी पाठवून दिलं होतं. पप्पांचा फोन आला. एवढ्या मोठ्याने ते क्वचितच बोलतात. "जुन्या लाईनीतल्या सगळ्यांना दाखवलं. लाइव्ह दिसणार म्हणे? लिंक पाठव. मावशीकडे पण पाठव, तिचा पोरगा लावून देईल."

दोघेही बघणार होते. मी दगडापाशी थांबले, तर मावशी आपल्या वाकड्या मनगटाने फोन धरून ऐकणार की असं काही घडलंच नव्हतं. पुढचं बोलले, तर ज्यांच्या पगारावर मी बी.एस्सी. झाले, त्या माणसाला मी परक्या देशातल्या परक्या लोकांसमोर उभं करणार. आजारी पडायचं असंही ठरवून पाहिलं. पण पोस्टर लागलं होतं, मुलगी दादांच्या आईकडे होती, आणि सोमवारी गाडी पुन्हा कोपऱ्यावर येणारच होती.

कार्यक्रमाच्या आठवड्यात एका सकाळी पुढे कुठेतरी अपघात झाला आणि आम्ही पुलावर अडकलो. ना पुढे ना मागे. खाली बंदर, क्रेन, चौकोनी डबे. दादांनी हँडब्रेक ओढला. "चला, वेळ आहे. रंगीत तालीम होऊन जाऊ दे."

मी सुरुवात केली. बंदोबस्त, ढाल, नवा पोरगा, भुवई. वहिनींनी मान मागे वळवली होती, नेहमीच्या जागी त्यांचे डोळे भरले. मी थांबायला हवं होतं तिथे थांबले नाही. दुसरी दुपार सांगितली. गल्ली सांगितली, मावशी सांगितली, आणि आम्ही कोण तेही सांगितलं. आवाज चढवला नाही. मला रडत बोलणं जमत नाही आणि आवडतही नाही.

वहिनींनी मान पुन्हा पुढे वळवली.

"अगं, आम्ही असलं काही मानत नाही," वहिनी म्हणाल्या. मी त्यांना मानता का म्हणून विचारलंच नव्हतं.

"पण यात जात कुठून आली?" दादा म्हणाले. "विषय अमेरिका आहे."

"दादा, तिथेही हेच आहे. दगड दाखवतात, दार दाखवत नाहीत."

"तू तुझ्याच वडिलांवर आरोप करतेयस, कळतंय का?"

"आरोप नाही. ते काय करणार होते हेही सांगतेय. साहेबाला नाही म्हटलं असतं तर आम्ही परत त्याच गल्लीत, आणि त्याच दाराच्या आत."

मी नागपूरकराकडे पाहिलं. इतके दिवस गाडीत त्या लोकांची बाजू एकटा तोच लढवत होता. आता तो पलीकडे बंदराकडे बघत होता. तिकडेच बघत म्हणाला, "आडनावावरून कधी वाटलं नाही."

"वाटलं असतं तर काय केलं असतंस?"

"नाही, तसं नाही गं. जस्ट सेइंग."

गाड्या हलल्या. दादांनी ब्रेक सोडला आणि शहरात शिरेपर्यंत रस्त्याशिवाय कशाकडे पाहिलं नाही. मला उतरवताना म्हणाले, "पहिलाच भाग बोल. फॅमिली ऑडियन्स आहे."

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी दुपारी लंचमध्ये लॅबच्या मागच्या पायऱ्यांवर बसून मी पप्पांना फोन लावला. त्यांच्याकडे सकाळ होती. म्हटलं, "पप्पा, सांगितलं तर सगळंच सांगणार. नाहीतर नाव काढून घेते."

मागे कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. मग त्यांनी विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

"मावशीने. फार वर्षं झाली."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, दाजी काय करणार होते."

"सांग," ते म्हणाले. "तू शिकलेली आहेस, तुला कळतं. पण मग मला लिंक पाठवू नको."

मी मावशीलाही विचारलं. ती म्हणाली, "हात माझा आहे, माझी परवानगी आहे. दाजींचं तुझं तू बघ."

शनिवारी हॉलमध्ये मी सगळं बोलले. दादांनी मला शेवटी ठेवलं होतं, तोवर बटाटेवड्यांचा वास आत आला होता आणि माणसं चुळबुळत होती. दगडाला टाळ्या पडल्या. पुढच्या भागाला पडल्या नाहीत. एक वयस्कर गृहस्थ उठून म्हणाले की अमेरिकेचा आणि आपला प्रश्न वेगळा आहे, तिथे रंग दिसतो. मी म्हणाले, "आमच्यात दिसत नाही, म्हणून इतक्या महिन्यांत तुम्हाला कुणाला माझ्याशेजारी बसायला अडचण आली नाही." यावर आभारप्रदर्शन सुरू झालं. वहिनी फोनमध्ये बघत होत्या. दोन बायका बाहेर पार्किंगमध्ये येऊन माझा हात घट्ट धरून गेल्या. आतमध्ये नाही आल्या.

लिंक मी पप्पांना पाठवली नाही. पण लाईनीतल्या सगळ्यांना त्यांनी स्वतःच तर आधी सांगून ठेवलं होतं.

सोमवारी सकाळी गाडी आली. "बेल्ट लावा," दादा म्हणाले. बातम्या लागल्या नाहीत. घरांचे भाव, कौन्सिलचे कचऱ्याचे डबे, थंडी. अमेरिका आमच्या गाडीतून उतरून गेली होती. संध्याकाळी परतताना पुलाच्या अलीकडेच गर्दी लागली. तेव्हा मावशीचा फोन आला. तिच्याकडे दुपारच्या जेवणाची वेळ होती.

"काल शेजारच्यांनी दाजींच्या हातात फोन लावून दिला," ती म्हणाली. "सगळं बघितलं म्हणे. कालपासून जेवले नाहीत. तुझी आई रडते. तू केलास ना त्यांना फोन?"

"करते मावशी."

"आत्ता कर. नंतर नको."

मी नंबर काढला. पुढे दादांची मान ताठ होती, वहिनींनी रेडिओचा आवाज हळू केला, नागपूरकराने कानातली बटणं काढून मांडीवर ठेवली. तिघेही माझ्याकडे बघत नव्हते. पप्पांशी जे बोलायचं होतं ते या तिघांच्या कानांसमोर बोलायला मी पुन्हा तयार नव्हते. उतरता येत नव्हतं, फ्रीवेवर कुणी उतरत नाही. बोटाखाली 'पप्पा' ही अक्षरं होती, आणि दोन्ही बाजूंना लाल दिवे लावून गाड्या उभ्या होत्या.

मी फोन लावला. रिंग वाजत राहिली. मग ती थांबली आणि पलीकडे फोन उचलला गेला.

"पप्पा," मी म्हणाले, "जेवा."