जव्हारची वाट आणि अर्धी कळलेली बोली

धाकट्या जावेला, सावित्रीला, बाळंतपणासाठी जव्हारहून नाशकाला आणायचं ठरलं आणि मी आपणहून निघाले. तिचं माहेर धारवाडकडचं, तिकडे प्लेग. दीर जव्हार संस्थानात कारकून, त्यांना रजा नाही. "तिथल्या लोकांची बोली कळेल का तुला?" सासूबाईंनी विचारलं. मी हसले. मराठीच्या इतकी जवळची बोली, त्यात शिकायचं काय?

जाणाऱ्यांनी त्र्यंबकपर्यंत टांगा करावा, पुढे बैलगाडी. भाडं जाण्यायेण्याचं एकदमच ठरवा. परतीची गाडी शोधताना नाकी नऊ येतात. मोखाड्याच्या बाजारात मला भारी मौज वाटली. बायका बोलत होत्या आणि मला सगळं कळत होतं! पुढचा रस्ता विचारला, उत्तर अगदी नीट समजलं, आणि गाडी ओढ्यात उतरली. दोष मी गाडीवानाला दिला.

सावित्रीची मायबोली कानडी. लग्नानंतर आमची मराठी शिकताना रडकुंडीला आली होती बिचारी. आणि जव्हारात पाहते तर पाणी भरणाऱ्या वारली बाईशी खुशाल गप्पा मारतेय! बोली आमच्या जवळची आणि येते हिला? हे कोडं मला काही सुटेना.

दिवस भरायला अवकाश होता, पण परतताना पोशेऱ्याजवळच्या चढावर तिला कळा सुरू झाल्या. गाडीवानाने जवळच्या पाड्यावर नेलं. माझं सोवळं गाडीतच राहिलं. म्हातारी सुईण आली आणि भराभर बोलू लागली. पाठ, पाय, भुई एवढे शब्द मी ओळखले आणि मधल्या जागा आमच्या नाशिकच्या चालीने भरून टाकल्या.

"सावित्री, पाठीवर नीज म्हणतेय ती."

सावित्री निजली. सुईण ओरडली. मी तेच आणखी जोरात सांगितलं. मूल काही पुढे सरकेना, सावित्रीचे ओठ पांढरे पडले. आई आणि मूल, दोघांपैकी एकही हाती लागणार नाही असं वाटलं.

"अक्का, तुम्ही गप्प बसा हो," सावित्री कशीबशी म्हणाली. "तुम्ही तिचं वाक्य संपूच देत नाही." मग सुईणीला म्हणाली, "मला नाय समजला, आये. दाव."

सुईणीने आढ्याला दोर टाकला आणि स्वतः गुडघ्यांवर बसून दाखवलं. "असा धर, बाय. भुईवर बस. मी हाय ना."

त्यांच्याकडे बाया अशाच बाळंत होतात. थोड्याच वेळात मुलगी रडली, आणि तिच्यामागून मी.

सावित्री हलवण्याजोगी होईपर्यंत आम्ही पाड्यावरच राहिलो. नागलीची आंबील दोघींनीही वाटी चाटून खाल्ली.

घरी आल्यावर जो तो विचारतो, ती बोली सोपी की अवघड? काय सांगू? अगदी परकी असती तर मी निमूट बघत बसले असते. पण परकी असती तर बाजारात तोंड तरी उघडलं असतं का? विचार करकरून डोकं भणाणतं.

काल सासूबाई विचारत होत्या, निघताना सुईण पोरीला मांडीवर घेऊन काय पुटपुटली? शब्द सगळे ओळखीचे होते. छानसा आशीर्वाद माझ्या जिभेवर तयारही होता.

"मला कळलं नाही," मी म्हणाले. "सावित्रीला विचारा."