तानीचं तोंड आन् टेम्पोचं चाक

तानीबाईला वळखत न्हाय असं आमच्या गावात कुत्रंबी न्हाय, कारण तिच्या बडबडीनं त्याची दुपारची झोप मोडलेली असती. मी तिची शेजारीण. निपाणीजवळच्या ह्या एकाच गावात आमी दोघी जल्मलो आन् एकाच गल्लीत दिल्या. म्हंजे माहेरात तानी, सासरातबी तानी. पळून जायला तिसरं घर कुठलं आणू?

तानी बिड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, हातात पान. चिमूट पडली, बोटं फिरली, दोरा बसला, बिडी झाली. ह्यातलं एकबी ती बघायची न्हाय. बघायची रस्त्याकडं आन् बोलायची गावाचं. वर ज्ञान द्यायची, "डोकं रिकामं झालं की समजायचं, हात शिकला."

यंदा तिच्या छातीनं सूर धरला. डॉक्टर म्हटला, तंबाखूची धूळ सोडा, न्हायतर दम सोडंल. तवाच आमच्या बायकांच्या दूध संघानं गल्लोगल्ली दूध गोळा करायला छोटा टेम्पो घेतला. चालवणारी सभासद बाईच पायजे असं ठरलं. तानीनं हात वर केला. अध्यक्षीण पद्मावतीआक्का म्हटल्या, "तानीबाई, दिवाळीच्या आत लायसन आणा. न्हाय झालं तर बाहेरचा ड्रायव्हर ठेवावा लागंल, मग माझ्या हातात काय न्हाय." म्हंजे लायसन, न्हायतर परत सूप.

शिकवायला निपाणीच्या ड्रायव्हिंग क्लासातनं सौम्या यायची. कानडी घरातली पोरगी, अंगानं काडी, आवाज हवालदाराचा. तिची तऱ्हा निराळी. एकदा टेम्पो मागं घ्या, लगीच चढावर थांबवून उचला, मग आठाचा आकडा काढा, मग परत मागं, पण आता दुसऱ्या अंगानं. एक काम लागोपाठ दोनदा करूच द्यायची न्हाय.

"अगं, एक धड येईना तवर दुसरं कशाला?" तानी म्हटली. "मागं घ्यायचं घोटून पक्कं करते की आधी."

"बेड आक्का, बेड," सौम्या म्हटली. म्हंजे नको.

तानीनं ऐकलं, पण कानडीत ऐकल्यागत केलं. सौम्या गेली की नवऱ्याला शेजारी बसवायची. यल्लाप्पाअण्णाकडं लायसन हाय, तोंड न्हाय, म्हणून त्यो बसायचाबी. शाळेमागच्या मैदानात एकच काम. लिंबापास्नं मागं, दोन दगडांच्या मधनं. आरशात लिंबाची फांदी दिसली की स्टेरिंग उजवीकडं, दगड दिसला की सरळ. हळूहळू असं बसलं की टेम्पो मागं जातोय आन् ही खिडकीतनं माझ्या म्हशीची चौकशी करतीया.

"बघ, झालं का न्हाय डोकं रिकामं?"

"ते जल्मापास्नंच हाय," मी म्हटलं.

परीक्षेच्या मैदानात लिंब नव्हता, नुसते खांब रोवलेले. वर साहेबांनी डाव्या अंगानं मागं घ्यायला सांगितलं. तानी आरशात फांदी हुडकत बसली. फांदी काय आली न्हाय. मग हिनं अंदाजानं स्टेरिंग फिरवलं आन् टेम्पोनं खांबाला पाडलं. साहेब बिचारे सभ्य. पुढच्या वेळी या म्हटले.

घरला आल्यावर यल्लाप्पाअण्णा एवढंच बोलला, "फांदी तोडून संगं न्यायची व्हतीस."

मग गेली परत सौम्याच्या हाताखाली. आता चढ, आठ, मागं, डावं, उजवं, सगळी भेसळ. काल जमलेलं आज जमंना. चाक दगडावर जायचं. सांजला येऊन कट्ट्यावर आडवी व्हायची, कपाळावर ओला फडका टाकून.

"बिड्या वळून हात दुखायचे गं. आता हात बरं हाईत, मेंदू दुखतोय. ही पोरगी मला येत व्हतं त्येबी इसरायला लावतीया."

एक दिवस क्लासच्या टायमाला बघते तर ही दारात सूप घेऊन बसलेली. पानं भिजवून तयार. खोकायला सुरुवातबी केलेली.

मी पायरीवर टेकले. "तानी, बिडी शिकताना तुझ्या आईनं तुला चांगली पानं दिलीती व्हय?"

"कुठली! चांगली पानं कारखान्याच्या बिडीला. मला फाटकी, भोकाची, वाळकी. कवा बोटभर, कवा हातभर. एक पान दुसऱ्यागत नसायचं. हरएकाला नवी खटपट. रडायची गं मी एका बिडीला."

"आन् डोकं कवा रिकामं झालं?"

"ते लई नंतर..." म्हटली आन् थांबली. बोटात पान तसंच. मग माझ्याकडं बघून खेकसली, "गप बस!"

मी गपच व्हते. बोलत व्हती ती.

सूप कोपऱ्यात गेलं आन् तानी मैदानात. सौम्याला तिनं विचारलं, सारखं बदलतीस कशाला? पोरगी म्हटली, "आक्का, तेच तेच केलं की हात उत्तर पाठ करतो. बदललं की डोक्याला गणित पयल्यापास्नं मांडावं लागतं. दमणूक त्याची हाय. हितं चुका जास्ती व्हत्यात, पण रस्त्यावर तेच टिकतंय."

दुसऱ्या परीक्षेला मी संगं गेलते, तमाशा चुकायला नको म्हणून. साहेबांनी आधी चढच सांगितला. टेम्पो चढावर हिसका मारून जरासा मागं सरला. तानीनं धरला, उचलला, वर नेला. मागं घेताना मधीच थांबली, दोन्ही आरशात बघितलं, जरा पुढं घेतला, परत मागं. खांब उभेच. आन् तोंड? मिटलेलं! लग्नात अंतरपाटामागंबी ही बाई इतकी गप नव्हती.

झाली पास, दिवाळीच्या आतच.

आता रोज सकाळी टेम्पो येतो. पयलं घर माझंच, तिथनं मागं घेऊन गल्लीबाहेर जायचं. सुरुवातीला तोंडातनं शब्द न्हाय, दूध घेतलं की चालली. मला तर करमंना. मागच्या आठवड्यात मात्र मागं घेताघेता खिडकीतनं मुंडी बाहेर आली, "म्हस आटली का गं? दूध कमी दिसतंय!" चाक माझ्या किटलीपाशी आलतं. मी किटली उचलायच्या आत तिनंच ब्रेक मारला. स्टेरिंगवर हात ठेवून जराशी बसली. म्हशीचं उत्तर न घेताच गेली.

दुसऱ्या दिवशी टेम्पोचा पत्ता न्हाय. दूध घेऊन मी उभी, पायाला मुंग्या. शेवटी आला तो वरच्या आळीकडनं. म्हंजे माझा नंबर शेवटचा, आन् मागं घ्यायचं उलट्या अंगानं.

"का गं भवाने, वाट बदललीस?"

"हाताला जुनी वाट पाठ झालीती," तानी म्हटली. आरशात बघत व्हती.